अकरावीचे विषय निवडताना: कोर्सपासून मागे कसं यायचं

जूनमध्ये कोकणातल्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या टेबलावर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "झिलाक सायन्साक घालूचो आसा", म्हणजे मुलाला सायन्सला घालायचंय. गणित घेणार की जीवशास्त्र, बारावीनंतर काय करणार, असं विचारलं की बाप मुलाकडे बघतो आणि मुलगा पंख्याकडे. "ता मगे बघूया." ते 'मगे' बरोबर दोन वर्षांनी येतं. हातात बारावीचा निकाल असतो, हवा तो कोर्स समोर असतो आणि त्या कोर्सला लागणारा एक विषय घेतलेलाच नसतो.

चूक बहुतेक वेळा क्रमाची असते. घरोघरी निकाल, टक्के, शाखा, जवळचं कॉलेज, मिळतील ते विषय आणि शेवटी कोर्सचा शोध असा क्रम चालतो. तो उलटा करायचा: आधी कोर्स, मग त्याला लागणारे विषय, मग ते विषय खरोखर शिकवणारं कॉलेज आणि सगळ्यात शेवटी अर्ज. खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा टप्पा गाळून पुढे गेलात, तर परत येताना एसटीचं भाडं तुमचंच.

टप्पा १. दहावीच्या डिसेंबरपर्यंत: वहीचं एक पान

साधी वही घ्या आणि एका पानावर चार रकाने पाडा: कोर्स, बारावीत लागणारे विषय, प्रवेश परीक्षा, इतर अटी. मुलाने स्वतःच्या हाताने निदान दोन कोर्स लिहायचे. गणपतीत आलेल्या चाकरमानी काकांनी सुचवलेला कोर्स लिहायला हरकत नाही, पण तो तिसरा.

दुसरा कोर्स पहिल्याला टांगलेला नसावा, हे इथे नीट पाहा. पहिला एमबीबीएस आणि दुसरा बीएएमएस लिहिला, तर पर्याय दोन दिसतात, पण दोन्ही 'नीट' या एकाच वैद्यकीय प्रवेश परीक्षेवर लटकलेले आहेत. बीडीएस, बीएचएमएस, फिजिओथेरपी यांचंही तेच. नीट बिघडली की सगळे एकदम गेले. खरा दुसरा पर्याय म्हणजे बी.फार्म. किंवा बी.एस्सी. कृषी. त्यांचा रस्ता एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून जातो.

त्याच पानाखाली मुलाचे विषयवार गुण लिहा. एकूण टक्के लिहू नका. राज्य मंडळाची दहावीची टक्केवारी सहापैकी उत्तम पाच विषयांवर निघते. त्यामुळे गणितात ४५ पडलेल्या मुलाच्या निकालावर ८२ टक्के दिसू शकतात आणि त्या ८२ च्या जोरावर घरचे त्याला इंजिनिअरिंगच्या वाटेला लावतात. पुढे अकरावीच्या पहिल्या चाचणीत त्या ४५ ची आठवण होते.

दहावीनंतर थेट डिप्लोमा करायचा असेल तर तोही याच पानावर हवा. रत्नागिरी आणि मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तीन वर्षांचा डिप्लोमा केला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि दहावीनंतरच्या या प्रवेशाला सीईटी लागत नाही. हाताने काम करायला आवडणाऱ्या मुलासाठी मी हा रस्ता अकरावी सायन्सच्या आधी सुचवतो. आपल्याकडे त्याला उगाच दुय्यम समजतात.

तपासा: पानावरचा कोर्स किती वर्षांचा, प्रवेश कशातून होतो आणि जवळात जवळ कुठे आहे, हे मुलाला न बघता सांगता येतं का? येत नसेल तर तो कोर्स त्याने निवडलेला नाही, तुम्ही निवडलाय.

टप्पा २. कोर्समागचे विषय शोधा

पात्रतेची अट त्या कोर्सच्या माहितीपुस्तिकेत 'पात्रता' या शीर्षकाखाली असते. राज्यातले बहुतेक व्यावसायिक प्रवेश सीईटी कक्षामार्फत होतात आणि तिथे मागच्या वर्षीच्या पुस्तिका उपलब्ध असतात. क्लासवाल्याचं पत्रक हे पुस्तिकेला पर्याय नव्हे.

इंजिनिअरिंगला भौतिकशास्त्र आणि गणित अनिवार्य आहे. तिसरा विषय बहुतेकांचा रसायनशास्त्र असतो. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ असो की रत्नागिरी-देवरुखकडची कॉलेजं, गणिताशिवाय दार उघडत नाही. आर्किटेक्चरलाही गणित हवंच, शिवाय नाटा ही वेगळी परीक्षा.

नीटच्या वाटेला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. गणित नसलं तरी चालतं. खुल्या प्रवर्गाला बारावीत या तीन शास्त्र विषयांत मिळून ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. नीटचा स्कोअर चांगला असूनही बारावीत भौतिकशास्त्राने घात केलेली मुलं मी पाहिली आहेत.

फार्मसीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पक्कं, सोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी कोणतंही एक. बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्राचा गट हवा. जीएनएम या नर्सिंगच्या डिप्लोमाला मात्र कुठल्याही शाखेची मुलगी जाऊ शकते. हे माहीत नसल्याने आर्ट्सच्या किती मुली नर्सिंगचा विचारच सोडून देतात!

कृषी, वनशास्त्र, उद्यानविद्या आणि मत्स्यशास्त्र हे आपल्या दारातले कोर्स. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, कुडाळजवळ मुळद्याला उद्यानविद्या महाविद्यालय आहे. बी.एस्सी. कृषीला गणिताचा गट चालतो तसा जीवशास्त्राचाही चालतो. मत्स्यशास्त्र मनात असेल तर जीवशास्त्र सोडू नका. ज्यांच्या घरी होडी आहे त्यांची मुलं हा कोर्स लिहीत नाहीत आणि लातूर-सोलापूरची मुलं येऊन शिकून जातात, हे दरवर्षी बघतो.

मर्चंट नेव्हीचं कोकणाला वेगळं सांगायला नको. बी.एस्सी. नॉटिकल सायन्सला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून सरासरी ६० टक्के आणि दहावी किंवा बारावीत इंग्रजीला ५० टक्के लागतात, प्रवेश आयएमयू-सीईटी या सागरी विद्यापीठाच्या परीक्षेतून होतो. पण त्याआधी डोळे. डेकवर जायचं तर नजर चांगली लागते आणि रंगांधळेपणा अजिबात चालत नाही. रंगदृष्टीची तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरकडे काही मिनिटांत होते. ती दहावीतच करून घ्या. बारावीनंतर कळलं तर दोन वर्षांचा सगळा आराखडा एका दुपारी कोसळतो.

एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, भूदलासाठी कुठलीही शाखा चालते, नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित हवं. पाच वर्षांच्या एलएलबीला कुठलीही शाखा चालते, फक्त विधी शाखेची सीईटी वेगळी द्यावी लागते.

कॉमर्सला जाणाऱ्यांची चूक वेगळ्या जागी होते. तिथे गणित आणि चिटणिसाची कार्यपद्धती ('एसपी') यांत निवड असते आणि गणिताला मुलं कमी म्हणून अनेक ठिकाणी सरसकट 'एसपी' दिलं जातं. पण सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीला बारावीला गणित असावं लागतं, आणि आयटीला जायचं म्हणणारा कॉमर्सचा मुलगा नेमका तेच सोडून आलेला असतो. बीबीए, बीएमएस, बीसीए यांपैकी जे कोर्स एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, त्यांना २०२४ पासून सीईटी आहे. बारावीच्या गुणांवर सरळ प्रवेश मिळेल असं धरून चालू नका.

सावधान: सायन्समधून बारावीनंतर आर्ट्स किंवा कॉमर्सच्या पदवीला जाता येतं. उलटं जाता येत नाही. म्हणून 'सायन्स घेतलं की सगळी दारं उघडी' असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. कसंबसं ४० टक्क्यांनी सायन्स पास झालेल्या मुलासमोर दारं उघडी असतात, आत बोलावणारं कुणी नसतं.

टप्पा ३. विषयांची बेरीज सहाच्या आत बसवा

बारावीला गुणांचे सहा विषय असतात. इंग्रजी धरून. पर्यावरण आणि शारीरिक शिक्षण वेगळं. ही बेरीज आधी कागदावर करा.

गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलं तर इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र असे पाच झाले. सहावी जागा एकच उरते: मराठी, हिंदी, संस्कृत किंवा माहिती तंत्रज्ञान, जे कॉलेज देईल ते.

बायफोकल घेतलं तर बेरीज बदलते. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, पीकशास्त्र यांसारखा बायफोकल विषय २०० गुणांचा असतो आणि दोन जागा खातो, एक दुसऱ्या भाषेची आणि एक ऐच्छिक विषयाची. मग इंग्रजी, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र झाल्यावर एकच जागा राहते. गणित किंवा जीवशास्त्र यांतलं एक गेलं. 'गुण चांगले पडतात' म्हणून बायफोकल घेतलेल्या आणि नंतर नीटचा फॉर्म भरायला निघालेल्या मुलांना हे तेव्हा कळतं.

दोन्ही घ्यायचं की एक? माझं मत असं: दहावीला गणितात ७५ च्या वर असेल आणि टप्पा १ मधले दोन कोर्स खरोखर दोन वेगळ्या गटांतले असतील तर दोन्ही घ्या. फक्त भीतीपोटी, 'असूदे एक हाताशी' म्हणून घेऊ नका. सकाळी सहाची गाडी पकडणाऱ्या आणि संध्याकाळी सातला घरी पोचणाऱ्या मुलाला चार शास्त्र विषय झेपत नाहीत. मग दोन्ही विषयांत ५० पडतात आणि दोन्ही गट हातचे जातात.

टप्पा ४. कॉलेजात जाऊन या, वर्ग चालू असताना

हे काम फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या सुरुवातीला. मे महिन्यात कॉलेज रिकामं असतं, रिकाम्या इमारती सगळ्या सारख्याच दिसतात, आणि तुम्हीही तोवर आंबा-काजूच्या घाईत असता.

ऑफिसात विचारायचं ते हे. माहितीपत्रकात छापलेले सगळे विषय या वर्षी प्रत्यक्ष शिकवले जातात का? गणित आणि जीवशास्त्राचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर? अकरावीचे प्रयोग अकरावीतच होतात का? (दबक्या आवाजात अकरावीच्या मुलांनाच विचारा, ऑफिस याचं उत्तर नेहमी 'हो' देतं.) ही तुकडी अनुदानित आहे की स्वयंअर्थसाहाय्यित? एकाच कॉलेजात दोन्ही असू शकतात आणि फीत मोठा फरक पडतो.

क्लासशी जोडलेलं कॉलेज असेल तर आणखी एक प्रश्न: मुलगा सकाळी दहा वाजता कुठे बसलेला असतो, वर्गात की क्लासमध्ये? मुलं फक्त पटावर असतील तर प्रात्यक्षिकं आणि हजेरी यांचा जाब बारावीत मुलाला द्यावा लागतो, क्लासला नाही.

मग एसटी. गावातून पहिली गाडी किती वाजता, कॉलेज सुटल्यावर परतीची किती वाजता, वस्तीची गाडी नक्की येते का, हे डेपोत विचारा आणि एकदा त्या गाडीने मुलासोबत जाऊन या. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा कॉजवेवर पाणी चढलं की काय करायचं तेही ठरवा. ज्यांचं जाणं-येणं रेल्वेवर आहे त्यांनी कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक बघावं. कॉलेज सुरू होतं ते नेमकं त्याच काळात. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, मुलांना सवलतीच्या पासात तिकिटाच्या एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. एकवेळचा प्रवास दीड तासाच्या वर जात असेल तर तालुक्याला वसतिगृह किंवा नातेवाइकांकडची खोली बघा. रोजचे तीन तास म्हणजे दोन वर्षांत एका विषयाचा अभ्यास.

सावधान, सावंतवाडी-दोडामार्गकरांसाठी: पलीकडे गोव्यात अकरावी-बारावी करणं सोयीचं वाटतं. पण महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून एमबीबीएस हवं असेल तर मोजके अपवाद सोडता दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, शिवाय अधिवास. सिंधुदुर्गातच आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि बारावी सीमेपलीकडे झाली म्हणून तिथली जागा हुकली, तर ती हळहळ आयुष्यभर पुरते. इंजिनिअरिंगला अधिवास प्रमाणपत्राच्या आधारे वाट असते.

टप्पा ५. दाखले: काही आधी, काही १ एप्रिलनंतर

सेतूत जाऊन सगळे दाखले एकदम काढले की सुटलो, असं वाटतं. तसं नाही. दाखल्यांचे दोन गट करा.

एकदा काढला की चालतो असा गट: जातीचा दाखला, अधिवास. हे दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच काढून टाका.

मुदतीचा गट: उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमिलेअर. यांची मुदत ३१ मार्चला संपते. नॉन क्रीमिलेअर कधी एका वर्षाचं मिळतं, कधी तीन वर्षांचं. फेब्रुवारीत उत्साहाने काढलेला दाखला जूनमध्ये टेबलावर येतो आणि त्यावर तारीख असते त्याच वर्षीच्या ३१ मार्चची. तो कागद मेलेला. हे १ एप्रिल उलटल्यावर काढा, आणि हातात पडल्यावर आधी मुदतीची ओळ वाचा.

तिसरं काम सगळ्यात लांब चालणारं: जात पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. ती अकरावीच्या प्रवेशाला लागत नाही, म्हणून सगळे विसरतात. राखीव जागेवरून व्यावसायिक कोर्स घ्यायचा असेल तर बारावीनंतर ती लागतेच. अर्ज अकरावीत करा. कॉलेजचं पत्र घेऊन ऑनलाइन अर्ज भरायचा आणि कागद जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे द्यायचे.

पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचा, जातीची नोंद असलेला कागद. कोकणात तो कुठे सापडतो? आजोबा गिरणीत मुंबईला गेलेले असले तरी चौथीपर्यंत गावच्या प्राथमिक शाळेतच शिकलेले असतात. त्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचा, चुलत आजोबांचा उतारा आणि सोबत वंशावळ. शाळेत नाही सापडलं तर तहसील कार्यालयात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्याची नक्कल. चुलत घरात कुणाची व्हॅलिडिटी झालेली असेल तर तिची प्रत आधी मिळवा. त्यासाठी जमिनीच्या वादावरून तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू करावं लागलं तरी करा.

माझ्या पुतण्याच्या वेळी मीच फसलो. रजिस्टरात आजोबांचं नाव पाळण्यातलं, वडिलांच्या दाखल्यावर हाकेचं. आडनावही एकीकडे मूळचं आणि दुसरीकडे वाडीवरून पडलेलं. मी म्हटलं, समजतील. समितीने कळवलं की दोन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करा. प्रतिज्ञापत्र, आणखी दोन उतारे, चार फेऱ्या. हे सगळं बारावीच्या प्रॅक्टिकलच्या महिन्यात.

तपासा: मुलाचं नाव दहावीच्या हॉलतिकिटावर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर अक्षरशः सारखं आहे का? बदल करायचा असेल तर शाळा सोडल्याचा दाखला हातात पडण्याआधी शाळेत सांगा. नंतर फार जड जातं.

मुलींसाठी आणखी एक. आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक कोर्स मिळाला तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'मुलीला एवढी फी कुठून' म्हणून टप्पा १ मधला कोर्स खोडण्याआधी हे वाचा.

टप्पा ६. ऑनलाइन अर्ज: पहिला पसंतीक्रम म्हणजे शब्द दिला

पूर्वी आपल्याकडे अकरावीला कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचा आणि नाव लागलं की फी भरायची. २०२५-२६ पासून केंद्रीय ऑनलाइन प्रवेश साऱ्या राज्यात लागू झाला आणि मोठी भावंडं सांगतात ती पद्धत निकालात निघाली.

अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात वैयक्तिक माहिती आणि प्रवर्ग, दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम. कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा. भाग एक निकालाआधीच भरून पडताळून घ्या. मोबाइल नंबर घरात राहणाऱ्या माणसाचा द्या. मुंबईत नोकरीला असलेल्या वडिलांचा दिला की ओटीपी तिकडे आणि मूल सेतूत खोळंबलेलं.

पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज मिळालं तर प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडता आणि सगळ्यांसाठी खुल्या फेरीपर्यंत थांबावं लागतं. म्हणून 'बघू तरी मिळतं का' म्हणून शहरातलं नावाजलेलं कॉलेज वर टाकू नका. जिथे मुलगा सोमवारी सकाळी खरोखर जाऊन बसेल तेच पहिलं. बाकीची नावंही टप्पा ४ मध्ये पाय ठेवून आलात त्यांतलीच असावीत. इन-हाउस, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोट्याच्या जागा वेगळ्या भरल्या जातात. मुलाच्या शाळेचंच कनिष्ठ महाविद्यालय असेल तर इन-हाउस कोट्याची चौकशी सुरुवातीलाच करा.

सावधान: कॉलेज निवडताना नावाशेजारी शाखा, माध्यम आणि अनुदानाचा प्रकार लिहिलेला असतो. एकाच कॉलेजाच्या तीन ओळी दिसतात. घाईत विनाअनुदानित ओळीवर बोट पडतं. अर्ज लॉक करण्याआधी प्रिंट काढून घरच्या दुसऱ्या माणसाला वाचायला द्या. सेतूतल्या पोरावर सोडून चहाला जाऊ नका.

टप्पा ७. प्रवेशाच्या दिवशी विषयांचा फॉर्म

ऑनलाइन शाखा मिळाली, पण विषय कॉलेजात ठरतात. टेबलावर गर्दी असते, छत्र्यांचं पाणी कागदांवर ठिबकत असतं, आणि मागचा म्हणतो, "आटपा." याच क्षणी क्लार्क विचारतो, "भाषा कुठली?" आणि मूल म्हणतं, "कुठलीही." वही सोबत न्या. सहा विषय त्यात लिहिलेले असूद्यात आणि फॉर्मवर तेच, त्याच क्रमाने. पावतीवर किंवा फॉर्मच्या प्रतीवर विषय दिसतात का ते बघूनच टेबल सोडा. 'जीवशास्त्राची तुकडी भरली, गणित घ्या, मग बदलू' असं कुणी म्हटलं तर बदलाचा लेखी अर्ज तिथेच द्या आणि पोचवर शिक्का घ्या.

टप्पा ८. अकरावीचे पहिले सहा आठवडे

विषय किंवा शाखा बदलायची तर ती याच काळात. गणपतीच्या सुट्टीआधी निर्णय घ्या, कारण सुट्टीनंतर कॉलेज पुन्हा रुळावर येईपर्यंत निम्मं सत्र संपतं. पहिल्या चाचणीचे पेपर घरी आणायला सांगा. गुण कमी पडले एवढ्यावरून बदलू नका, दहावीनंतर सगळ्यांचेच घसरतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला तर पहिले दोन महिने भौतिकशास्त्रापेक्षा त्यातलं इंग्रजीच अडवतं. ते दिवाळीपर्यंत सुटतं. पण गणिताच्या वहीत प्रयत्नच दिसत नसेल, पानं कोरी असतील, तर बोला.

अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष हा समज सोडा. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात आणि ८० टक्के बारावीच्या. सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, नीटला प्रत्येक चुकीमागे एक गुण जातो. दोन्ही देणाऱ्या मुलाने दोन्ही प्रकारचा सराव वेगवेगळा करायला हवा.

टप्पा ९. बारावीचं वर्ष, महिन्यांप्रमाणे

जून-जुलैत व्हॅलिडिटीच्या अर्जाचं काय झालं ते विचारा. पावसाळा सरता सरता बोर्डाचा फॉर्म भरला जातो. कॉलेजने दाखवलेल्या यादीत नाव, जन्मतारीख आणि विषय स्वतः मुलाने तपासायचे. हिवाळ्यात जेईई मेन ही देशपातळीवरची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा देणाऱ्यांची पहिली फेरी जानेवारीत असते. सीईटीचे फॉर्म साधारण बोर्डाच्या परीक्षेच्या आधी किंवा त्याच सुमारास सुटतात आणि बंदही होतात. प्रॅक्टिकल, शिमगा आणि लेखी परीक्षा एकमेकांत गुंतलेल्या असताना फॉर्मची तारीख निसटते. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा.

सीईटीचा गट फॉर्ममध्ये नीट निवडा. चारही विषय असलेल्या मुलाला दोन्ही गटांच्या परीक्षा देता येतात, पण भरताना दोन्ही भरल्या असतील तरच. परीक्षा संगणकावर असते, तेव्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक तरी सराव पेपर माउसने सोडवून घ्या. केंद्र दूर आलं तर आदल्या रात्री तिथे पोचा. सकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका.

एप्रिल-मे सीईटी, मे महिन्यात नीट. त्याच दरम्यान १ एप्रिल उलटलेला असतो, म्हणजे मुदतीचे दाखले पुन्हा काढायचे.

सावधान, जहाजावर जाणाऱ्यांसाठी: 'बारावीचं काही नको, चार लाख द्या, तीन महिन्यांत जहाजावर चढवतो' असं सांगणारा माणूस दर मोठ्या गावात एक तरी असतो. कोर्स चालवणारी संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का आणि नोकरी लावणाऱ्याकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतं. रोख पैसे मागत असेल तर उठून या.

विषय चुकलाच असेल तर

बारावी पास झाली आणि गणित किंवा जीवशास्त्र राहिलं, तरी तीन वर्षांची पदवी मुकाट्याने पत्करावी लागतेच असं नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेला 'तुरळक विषय' घेऊन, म्हणजे फक्त तेवढाच विषय देऊन बसता येतं. आपल्या जुन्या कॉलेजात जाऊन बोर्डाच्या फॉर्मच्या तारखा विचारा. प्रात्यक्षिकाचा विषय असेल तर प्रयोग कुठे आणि कधी करायचे तेही त्याच भेटीत ठरवून घ्या. नीटसाठी बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून दिलेलं जीवशास्त्र २०२३ पासून धरलं जातं. बाकी कोर्ससाठी असा विषय चालतो का, ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत 'पात्रता' शीर्षकाखाली वाचा आणि मगच वर्ष घालवायचं की नाही ते ठरवा.